थोरलीसाठी आलेला फोन

मी एकतीस वर्षं कारखान्यात इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढली. तुकडा गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. त्यामुळे लोकांचे गूढ अनुभव वाचताना माझं डोकं आपोआप त्याच पद्धतीने चालतं – इथे वेळ जुळत नाही, इथे सांगणारा स्वतः हजर नव्हता, ही नुसती ऐकीव गोष्ट... रिजेक्ट!

आणि हे काही नोकरीमुळेच आलं असंही नाही. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात अंगारा, उतारा, गंडेदोरे सगळं बंद झालं. कुणाच्या अंगात आलं असं शेजारी कुजबुजले की आबा, म्हणजे माझे वडील, सरळ म्हणायचे, "त्याला डॉक्टरकडं न्या." अशा घरात मी वाढले. तेव्हा कृपा करून मला भोळी समजू नका. माझ्याबाबतीत जे घडलं ते तसंच्या तसं लिहितेय. खुलासा कुणाला सुचला तर मलाच हवा आहे.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी सतरा वर्षांची, बार्शीजवळच्या एका खेड्यात राहणारी, मॅट्रिक पास. माझी चुलतबहीण मंगल माझ्याहून दोन महिन्यांनी लहान. आम्ही दोघींनी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं होतं आणि जानेवारीत दोघींनाही पत्र आलं – भोसरीच्या एमआयडीसीत रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला ट्रेनी मुली हव्या होत्या. बुधवारी सकाळी आठ वाजता परीक्षा आणि मुलाखत.

आबा गवंडी होते. बोलणं मुळातच कमी. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, बिडी विझवली आणि उठून गेले. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते, नको म्हणाले असते, तर मी भांडले असते. पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं? त्यातच माढ्याकडचं एक स्थळ माझ्यासाठी चालून आलं होतं, रविवारी पाहुणे येणार होते. आईने माझी बाजू घेतली. तिचे मावसभाऊ, आमचे दत्तूमामा, पिंपरीत मोरवाडीला एका चाळीत राहायचे. ते एका कंपनीत कामाला होते. आईने त्यांना कळवलं, "पोरी मंगळवारी येतील, दोन रात्री ठेवून घे."

मंगळवारी पहाटे निघताना आबा ओसरीवर बसले होते. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थापी-ओळंब्याची पिशवी खांद्याला लावली आणि आमच्याआधीच कामावर निघून गेले. शेजारच्या गावात एका बागायतदाराच्या मळ्यात खोलीचं बांधकाम चाललं होतं, तिकडे.

बार्शीहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी. तिथे गाडी बदलताना धावपळीत मी फलाटावर पडले आणि माझ्या चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी तुटली. चष्म्याशिवाय मला हाताएवढ्या अंतरावरचंही धड दिसत नाही. मंगलच्या पिशवीत शिवणाचा डबा होता, त्यातला हिरवा दोरा काढून तिने काडी कशीबशी बांधून दिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. तुटली कुर्डुवाडीला, सकाळी सातच्या सुमारास.

पुण्याला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिथून लोकलने पिंपरी, मग विचारत विचारत मोरवाडी. दत्तूमामांच्या खोलीला कुलूप!

शेजारच्या खोलीतून एक माणूस बाहेर आला. पाटोळे नाव त्याचं. तिशीतला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला, दुसऱ्या शिफ्टला निघायच्या तयारीत.

"बार्शीच्या पोरी का तुमी?" तो म्हणाला. "दत्तूदादा सकाळीच गेले हो. वहिनींचे वडील वारले महाडला. पहाटे निरोप आला, पहिल्या एसटीने सगळे गेले."

त्याने आमच्या पिशव्यांकडे बघितलं.

"मला सांगून गेलेत – पोरी आल्या तर त्यांना संध्याकाळच्या गाडीला बसवून दे म्हणून." मग त्याने चाळीकडे हात केला. "इथं बाकी सगळे सडेफटिंग राहतात ताई. एका खोलीत चार-चार, पाच-पाच. तुमाला इथं ठेवायचं तर..."

वाक्य त्याने पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

मंगल रडायला लागली. मी मात्र पत्र काढून त्याच्या हातात दिलं. का दिलं कुणास ठाऊक. त्याने ते वाचलं, घड्याळ बघितलं.

"उद्या आठला आहे व्हय... भोसरीला." जरा विचार करून म्हणाला, "हायवेला एक लॉज आहे. चांगलं आहे, कंपन्यांचे पाहुणे उतरतात. मॅनेजर बायकोमुलांसकट तिथंच मागं राहतो. चला, दारापर्यंत सोडतो. खोली दिली तर दिली. नाही दिली तर मुकाट्यानं स्टेशन गाठायचं. कबूल?"

कबूल म्हणण्याशिवाय इलाज नव्हता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, पिंपरी चौकापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, दुमजली इमारत होती. आता तिथे मोबाईलची दुकानं आहेत. पाटोळेंनी आम्हाला पायरीशी सोडलं, "मी थांबलो असतो, पण कार्ड पंच करायचंय," म्हणाले आणि बस पकडायला पळाले. तीन वाजले असतील.

पायरीवरच मंगल म्हणाली, "कुमे, चल ना परत. पुण्याला बायकांच्या वेटिंग रूममधे बसू. आबांना कळलं ना, लॉजवर राहिलो म्हणून..."

खरं सांगते, माझंही मन तेच म्हणत होतं. लॉजवर राहिलेल्या पोरी! आमच्या गावात एवढे शब्द पुरेसे होते. माढ्याचं स्थळ मोडलं असतं ते सोडा, मंगलचंही पुढे जमणं कठीण झालं असतं. आणि आबांचा तो गप्प चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी मनाशी ठरवलं, एकदा आत जाऊन विचारायचं. नाही म्हणाले की सुटलो. जवळजवळ वाटच बघत होते मी त्या नकाराची.

काउंटरमागे पन्नाशीचे गृहस्थ बसले होते. नाईक त्यांचं नाव, मूळचे कोकणातले. समोर जाड रजिस्टर, बाजूला काळा टेलिफोन.

"सोबत कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. आम्ही दोघीच."

"वय?"

"सतरा."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "नाही बाळांनो. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय मुलामुलींना खोली देत नाही मी. मुलगे असते तरी दिली नसती. उद्या काही झालं तर आईबापांना काय उत्तर देऊ?"

मी मान हलवली. पिशवी उचलली. तेवढ्यात ते म्हणाले, "कुठून आलात एवढ्या लांबून?"

"बार्शीहून."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग टेलिफोनखाली दाबून ठेवलेला एक कागदाचा कपटा ओढून काढला.

"तू कुमुद का?"

मंगलने माझा दंड घट्ट धरला.

"आणि ही मंगल. अरे, मग आधी नाही का सांगायचं? तुझ्या वडिलांचा फोन येऊन गेला की दुपारी! दीड वाजला असेल. मी जेवायला उठत होतो. मला वाटलं चुकून लागला, कारण माझ्याकडे असं कुणाचं बुकिंग नव्हतं. पण माणूस इतक्या कळकळीने बोलत होता, म्हणून लिहून ठेवलं."

"काय... काय म्हणाले?"

त्यांनी कपटा पुढे धरला. पेन्सिलने लिहिलं होतं. मी स्वतः वाचलं – 'कुमुद, मंगल. बार्शी. चष्म्याला हिरवा दोरा. आतली खोली द्या.'

दीड वाजता आम्ही पुणे स्टेशनवर बाकड्यावर बसून भाकरी खात होतो. मामांचं दार बंद आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हे लॉज जगात आहे हे ठाऊक नव्हतं.

"एवढंच?" मी कपटा उलटून बघत विचारलं.

"नाही, अजून होतं." नाईककाका आठवून आठवून बोलू लागले, आणि बोलता बोलता त्यांच्या कोकणी तोंडात आमच्याकडचे शब्द येऊ लागले. "म्हणाले, 'माझ्या थोरलीला सांगा, म्या गप्प बसलो म्हंजी न्हाई म्हणलो आसं न्हवं. मला बोलता येत न्हाई. परीक्षा दिऊनच ये म्हणावं.' असं काहीतरी. हो, 'दिऊनच ये' – हे दोनदा म्हणाले."

थोरली. कुमुद मी शाळेत. आई, मंगल, सगळे मला कुमे म्हणायचे. थोरली म्हणणारा माणूस जगात एकच होता.

मंगल हळूच म्हणाली, "माझं नाव त्यांनीच घेतलं का?"

"घेतलं तर! 'दोघी हायत, दोघींना संबाळा' म्हणाले."

मग मी वेड्यासारखे प्रश्न विचारत सुटले. ट्रंक कॉल होता का, बाहेरगावाहून ऑपरेटरने जोडून दिलेला? नाईककाका म्हणाले, "तेच तर. ट्रंक असता तर आधी ऑपरेटर बोलते. इथे नुसती घंटा वाजली आणि उचलल्यावर थेट तेच. मला वाटलं इथूनच कुठूनतरी करताहेत. कामावरून करत असतील, नाही? मागे सारखा ठोकठोक आवाज येत होता. विटेवर काहीतरी आपटल्यासारखा."

माझे वडील काय काम करतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

नाईककाकांनी रजिस्टर पुन्हा उघडलं. आडनाव विचारलं. आडनावावरून आमच्यासारख्यांची जात तेव्हा लगेच कळायची, तरी मी ते सांगितलं. पण त्यांनी मान वर न करता ते लिहून घेतलं आणि पालकाच्या रकान्यात आबांचं नाव विचारून लिहिलं. पुढे कंसात 'फोनवर' असंही लिहिलं. आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघराला लागून असलेली आतली खोली दिली. संध्याकाळी त्यांच्या बायकोने आम्हाला आपल्याच घरात जेवायला बसवलं, माझ्या चष्म्याची काडी बारीक तारेने पक्की करून दिली आणि झोपायच्या वेळी "आतून कडी लावा गं, मी इथेच आहे," म्हणून सांगितलं.

रात्री काही घडलं नाही. कुणाला वाटत असेल आता पावलं वाजतील, सावली दिसेल... तसलं काही नाही. आम्ही दोघी मेल्यासारख्या झोपलो.

सकाळी नाईककाकांनी भोसरीच्या बसपर्यंत सोडलं. परीक्षा लेखी थोडी आणि हाताची जास्त होती – रंगीत बारीक तारा दाखवतील त्याच क्रमाने लावायच्या, चिमट्याने स्क्रू उचलायचे. मंगलचे हात असे चालले की सुपरवायझर बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. तिला तिथेच 'सिलेक्टेड' सांगितलं. मला म्हणाले, "पत्राने कळवू."

ती रात्रही नाईककाकांकडेच काढली; घरी पोचलो ती गुरुवारची दुपार. आबा कामावर. मी पिशवी टाकली आणि पाय न धुता तडक मळ्यात गेले. ते परांचीवर उभे राहून भिंत रचत होते. मला बघून खाली उतरले.

"आबा, तुम्ही फोन केलावता?"

"कसला फोन?"

"परवा. पिंपरीला. लॉजवर."

आमच्या गावात फोन नव्हता. त्या गावातही नव्हता. सगळ्यात जवळचा बार्शीच्या पोस्टात. आबांनी जन्मात कधी रिसीव्हर कानाला लावला नव्हता. पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या घरी फोन आला तेव्हासुद्धा ते तो उलटा धरायचे.

त्यांच्या हाताखाली दगडू म्हणून एकजण काम करायचा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, मंगळवारी दुपारी आबा कुठे होते?

"कुटं आसत्याल? हितंच." दगडू म्हणाला. "जेवायला बी उतरलं न्हाईत मिस्त्री. म्या दोनदा हाक मारली. त्यास्नी ऐकूच गेलं न्हाई. वीट हातात धरून नुस्ती थापीनं ठोकत हुते, ठोकत हुते... लावंनात काई. मला वाटलं, पोरगी गेली म्हून जिवाला लागलं आसंल."

मी आबांकडे परत आले. ते चुन्याचे हात धूत होते.

"काय म्हणालो मी?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"फोनवर. काय म्हणालो?"

आठ दिवसांनी ते माझ्याशी बोलत होते. मी सगळं सांगितलं, नाईककाकांनी सांगितलं तसं, शब्द न् शब्द. त्यांनी खाली मान घालून ऐकलं. मग म्हणाले, "पुन्ना सांग." मी पुन्हा सांगितलं.

बराच वेळ ते हात धूतच राहिले. पाणी संपलं तरी.

"बरं म्हणालो," ते म्हणाले, आणि पुन्हा भिंतीवर चढले.

रविवारचे माढ्याचे पाहुणे आले नाहीत. आबांनीच शनिवारी जाऊन नको म्हणून सांगितलं होतं, हे मला नंतर आईकडून कळलं. महिन्याने पत्र आलं, माझं झालं. मंगलला मात्र तिच्या वडिलांनी, माझ्या काकांनी, पाठवलं नाही. सिलेक्ट तीच आधी झाली होती, हात माझ्यापेक्षा तिचे चांगले होते. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. ती अजूनही भेटली की एकदा तरी म्हणते, "तुझ्या बापाने फोन केला गं, माझ्या बापाने नाही केला." हसत म्हणते. मला हसू येत नाही.

पिंपरीला राहायला आल्यावर मी याचा छडा लावायचा पुष्कळ प्रयत्न केला. पाटोळेंना विचारलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की आम्ही दारात येईपर्यंत त्यांच्या मनात लॉजचा विचारही नव्हता. दत्तूमामा दीड वाजता महाडला, सासऱ्यांच्या अंत्यविधीत होते. कधी वाटायचं, नाईककाकांनाच दया आली असेल आणि त्यांनी गोष्ट रचली असेल. हिरवा दोरा तर त्यांना समोर दिसतच होता. पण कपटा आम्ही नावं सांगण्याआधी लिहिलेला होता. आणि 'थोरली' कुठून आणणार? दोन वर्षांनी मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. ते दुखावले. म्हणाले, "पोरी, मी एकट्या आलेल्या पोरांना खोली देत नाही हा माझा नियम होता. खोटं बोलून खोली देण्यापेक्षा स्टेशनचा रस्ता दाखवणं सोपं नव्हतं का?"

ते गेले, आबाही गेले. दगडूचा पत्ता नाही.

शेवटची एक गोष्ट सांगते. म्हातारपणी आबा माझ्याकडे चिंचवडला राहायचे. माझ्या फॅक्टरीतल्या मैत्रिणी घरी आल्या की कुणीतरी विचारायचंच – काका, त्या काळात तुम्ही मुलीला एवढ्या लांब कसं काय पाठवलंत? आबा खुर्चीत जरा ताठ बसायचे. "मी हिला फोन करून सांगितलं हुतं," म्हणायचे. "परीक्षा दिऊनच ये म्हणलं."

असं किती जणींना सांगितलं त्यांनी! मी चहा घेऊन दारात उभी असायचे. एकदाही त्यांना टोकलं नाही. ते खोटं बोलताहेत असं मला तेव्हा वाटलं नाही... आणि अजूनही वाटत नाही. मग खरं काय, हे मात्र मला सांगता येणार नाही.